आजीच्या माळेतली पुतळी व्हेनिसची निघाली, पण एवढं मोठं राज्य बुडालं कसं?

चौलची_सुपारी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. आजीच्या पुतळ्यांच्या माळेची वाटणी झाली, आईच्या वाट्याला पाच पुतळ्या आल्या. आत्याचं म्हणणं मोड घाला, आता कोण घालतंय पुतळ्यांची माळ, त्यापेक्षा चेन करून टाका. म्हणून आई आणि मी अलिबागला सोनाराकडे गेलो. चार पुतळ्या त्याने सरळ काट्यावर टाकल्या आणि पाचवी भिंगाखाली धरून बसला तो बसलाच. मग म्हणतो, ताई या चार इथल्या घडवलेल्या आहेत, ही मात्र खरंखुरं नाणं आहे, व्हेनिसचं, एवढी मोडू नका.

एका बाजूला एक माणूस उभा आहे, दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. आजी याला देव आणि भक्त म्हणायची. मागच्या बाजूला अंड्यासारख्या आकारात चांदण्या आणि त्यात उभी आकृती. वर कडी डाख देऊन बसवलेली.

मला व्हेनिस म्हणजे होड्या आणि लोकांचे हनिमूनचे फोटो एवढंच माहीत! ज्यांचं नाणं इथे चौलच्या वाडीत आजीच्या गळ्यात येऊन पडलं ते राज्य गेलं कुठे? नेटवर बघितलं तर जिथे तिथे एकच, वास्को द गामाने रस्ता शोधला आणि व्हेनिस संपलं. एवढंच आहे का ते?

नाणेवेडा_रत्नांग्री

सोनाराचे पाय धर, दुसरा असता तर गपचूप पाचही वितळवल्या असत्या.

हे डुकाट, पुढे त्यालाच झेक्किनो म्हणायला लागले. १२८४ साली पहिल्यांदा पाडलं आणि १७९७ पर्यंत पाडत राहिले, पाचशेहून जास्त वर्षं, वजन तेच साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी, कस उतरवला नाही. चित्रसुद्धा तेच ठेवलं, कारण इकडचे व्यापारी चित्र ओळखायचे, अक्षरं कोण वाचतंय. उभा आहे तो सेंट मार्क, त्यांचा रक्षणकर्ता संत, वाकलेला आहे तो डोजे, म्हणजे त्यांचा निवडून दिलेला प्रमुख. मागे येशू. आपल्याकडे त्या आकृत्यांवरून नाव पडलं पुतळी, जुन्या मराठी कागदांत होनांच्या जोडीला पुतळी येते ती हीच, आणि मग आपल्या सोनारांनी तसल्याच घडवून माळा केल्या. म्हणजे आजी बरोबरच सांगत होती, देव नसला तरी संत आणि भक्त आहेत.

आता एक काम कर. काठीच्या कडेने वरून खाली डी व्ही एक्स अशी तीन अक्षरं असतील, ती सोड. काठावर डोजेचं नाव असतं ते वाचून सांग. आणि कृपा करून चिंच रिठा काही लावू नकोस.

दर्यावर्दी_हर्णै

गामाने मारलं हे अर्धंच खरं आहे. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

आधी त्यांचा धंदा बघ. मलबारची मिरी, सुंठ, पार मोलुक्का बेटांवरची लवंग आणि जायफळ, हा सगळा माल गुजराती आणि अरबांच्या जहाजांतून तांबड्या समुद्रात जायचा, पुढे उंटावरून आणि नाईलमधून अलेक्झांड्रियाला, आणि तिथे व्हेनिसवाले पैसे घेऊन उभेच असायचे. तो माल सगळ्या युरोपला विकायचा हा त्यांचा मक्ता. युरोपकडे आपल्याला घ्यावंसं वाटेल असं फार काही नव्हतं, म्हणून मिरी तिकडे आणि सोनंचांदी इकडे.

१४९८ला गामा कालिकतला पोचला, १५०१ला पोर्तुगीज मिरी घेऊन परत आल्याची बातमी व्हेनिसला आली. प्रिउली म्हणून एक सावकार होता तिथे, त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की शहाणी माणसं म्हणतायत याच्याहून वाईट बातमी आपल्या राज्याला येणं शक्य नाही. व्हेनिसने काय केलं, कैरोच्या सुलतानाकडे दूत पाठवले आणि त्याचे कान भरले, की बाबा तुझीही जकात बुडणार आहे, काहीतरी कर. सुलतानाने आरमार धाडलं. आणि ते कुठे लढलं माहितीय का चौलकर? तुझ्या दारात! मार्च १५०८, चौलच्या खाडीत. इजिप्तचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ दोघांनी मिळून पोर्तुगीजांना हाणलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा तिथेच मेला. बापाने ३ फेब्रुवारी १५०९ला दीवसमोर सूड घेतला आणि इजिप्तचं आरमार संपवलं. म्हणजे व्हेनिसच्या नशिबाचा एक डाव रेवदंड्याच्या किनाऱ्यावर खेळला गेला आणि आपल्या पाटीवर कुठे एक ओळ नाही. असो.

पण, आणि हा पण मोठा आहे, व्हेनिस तेव्हा बुडालं नाही. पोर्तुगीजांना सगळा तांबडा समुद्र बंद करता आला नाही, त्यांचे अधिकारी चिरीमिरी घेऊन जहाजं सोडायचे, आणि १५६०च्या सुमाराला अलेक्झांड्रियात परत जवळपास पहिल्याइतकीच मिरी यायला लागली. खरा घाव डचांचा. १६०२ला त्यांची कंपनी निघाली, त्यांनी माल जिथे पिकतो तिथेच ताबा घेतला. पुढे इंग्रज आणि डचांची जहाजं भूमध्य समुद्रात माल घेऊन यायला लागली आणि जन्मभर मिरी विकणारा व्हेनिसवाला दुसऱ्याच्या जहाजातली मिरी विकत घ्यायला लागला. मी तीस वर्षं जहाजावर काढली, ट्रिएस्टला दोनदा लागलो होतो. व्हेनिसच्या अगदी समोरचं बंदर. ऑस्ट्रियाने १७१९ला ते जकातमुक्त केलं, आणि व्हेनिसचे मात्र कर आणि नियम तसेच, मग जहाजाचा मालक कुठे जाणार, सांगा.

आणि तुर्क राहिलेच. १५७१ला लेपांटोची लढाई जिंकली, सगळ्या युरोपात घंटा वाजल्या, आणि दोनच वर्षांत सायप्रस तुर्कांना देऊन तह केला. मग क्रीटची राजधानी कँडिया, १६४८ ते १६६९, एकवीस वर्षं वेढा! एकवीस! शेवटी तेही गेलं आणि तिजोरीचा खुळखुळा झाला.

गिर्येकर

दर्यावर्दी काका, ह्या वाचून माका आमचो विजयदुर्ग आठवलो.

मी किल्ल्यापासून पंधरा मिनिटांवर राहतो. कान्होजी आंग्रे असेपर्यंत इंग्रज पोर्तुगीज सगळे वचकून असायचे. १७२९ला ते गेले, चार वर्षांत सेखोजी गेला, मग संभाजी आणि मानाजी भाऊ भाऊ भांडले, कुलाबा एकाकडे विजयदुर्ग दुसऱ्याकडे, भांडणात कधी पेशवे कधी इंग्रज कधी पोर्तुगीज मध्ये घेतले. शेवटी तुळाजीचं आणि पेशव्याचं फाटलं, आणि फेब्रुवारी १७५६ला नानासाहेबांची फौज जमिनीवरून आणि इंग्रजांच्या वॉटसनचं आरमार समुद्रातून. एका जहाजाला आग लागली, गुराबं एकाला एक बांधून ठेवलेली, सगळी पेटली. एका दिवसात आंग्र्यांचं आरमार राख, आणि ते जाळायला बोलावणं आपलंच.

तसंच काहीतरी झालं असणार तिकडे. घरभेद असल्याशिवाय दर्यावरचं राज्य पडत नाही.

सातबारा_पीडित

गिर्येकर, आंग्र्यांचं पटलं पण व्हेनिसला ते लागू नाही, उलट तिथे घरभेद होऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त केला होता की त्याच बंदोबस्ताने जीव घेतला असं माझं मत आहे.

डोजे कसा निवडायचे बघा, १२६८ पासून ही पद्धत. मोठ्या सभेतून चिठ्ठ्या टाकून ३० जण काढायचे, त्यातून परत चिठ्ठीने ९, त्या ९ जणांनी ४० निवडायचे, ४०चे चिठ्ठीने १२, त्या १२नी २५ निवडायचे, २५चे ९, त्यांनी ४५, ४५चे ११, त्या ११नी ४१ निवडायचे, आणि मग हे ४१ बसून डोजे निवडणार, त्यालाही किमान २५ मतं पाहिजेत. आमच्या हाउसिंग सोसायटीत सेक्रेटरी निवडताना हे करायला हवं. कोणाला पैसे चारायचे तेच कळू नये ही आयडिया. आणि एवढं करून निवडलेल्या डोजेला परदेशातून आलेलं पत्र एकट्याने उघडायचीसुद्धा परवानगी नाही. पोराला गादी नाही. म्हणून तिथे संभाजी आणि मानाजी झालेच नाहीत, हजार वर्षं राज्य टिकलं.

पण ही मोठी सभा कोणाची? १२९७ला त्यांनी दार लावून घेतलं, त्या वेळी ज्यांची घराणी आत होती त्यांचेच वंशज आत, बाकी कितीही कमवा, बाहेर. पुढे सोनेरी वहीत नोंद, जन्माची नोंद तिथे नसेल तर मत नाही. आधी हेच लोक स्वतः जहाजावर जायचे, पोरं तरुणपणीच धनुर्धारी म्हणून गलबतावर चढायची नि धंदा शिकायची. मग आजोबांनी कमावलेल्या पैशातून नातवांनी मुख्य भूमीवर शेती घेतली, बंगले बांधले, आणि समुद्र नुसता खिडकीतून बघण्यापुरता उरला.

आता गंमत. इस्टेटीची वाटणी होऊ नये म्हणून चार भावांत एकानेच लग्न करायचं अशी रीत पडली, बहिणी मठात. आमच्याकडे उलट, सातबाऱ्यावर बेचाळीस नावं, त्यातले अकरा कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही, आंब्याची दोन कलमं विकायची तर कुर्ल्यापासून बडोद्यापर्यंत सह्या. तर त्यांच्याकडे तो त्रास नाही पण वंशच बुडायला लागले. सोळाव्या शतकाच्या मध्याला सभेत बसू शकणारे अडीच हजारांच्या घरात होते, शेवटी हजार अकराशे राहिले. मधे १६३०च्या प्लेगने शहरातली तिसरा हिस्सा माणसं नेली. क्रीटच्या युद्धात पैसे संपले तेव्हा, १६४६ पासून, एक लाख डुकाट टाका आणि सोनेरी वहीत या अशी विक्री काढली. साडेतीनशे वर्षं जवळपास बंदच ठेवलेलं दार उघडलं ते माणसं हवीत म्हणून नाही, खड्डा भरायला.

आत जे होते त्यातले अर्धे कफल्लक. सान बार्नाबा भागात सरकारी खर्चाने राहायचे, अंगात रेशीम खिशात दमडी नाही, मत विकून पोट भरायचे. कामधंदा केला तर प्रतिष्ठा जाते ना.

दर्यावर्दी_हर्णै

सातबारावाले, वंश बुडाले म्हणून राज्य बुडत नसतं. पैसा बुडाला ते मूळ. लोकरीच्या कापडाचं बघा, १६०२ला वर्षाला २८ हजारांवर ताके निघायचे व्हेनिसमध्ये, शंभर वर्षांत दोन हजारांवर आले. माल उत्तम, पण कारागिरांच्या संघांचे नियम असे की स्वस्त आणि हलकं काही काढायचंच नाही. इंग्रजांनी हलकं रंगीत कापड आणलं नि तुर्कांचा बाजार घेऊन गेले. बाकी तुमचं बंद दाराचं म्हणणं इथेही लागतं म्हणा.

केळव्याच्या_बाई

मी इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे, म्हणून राहवत नाही. तुम्ही सगळे दोनशे वर्षं म्हणजे नुसती मरणपंथाची असल्यासारखं बोलताय. त्या दोनशे वर्षांत तिथे संगीत होतं, चित्रं होती, छापखाने होते, सहा सहा महिने कार्निव्हल चालायचा, मुखवटे घालून जुगार खेळायला सरकारमान्य घर होतं १६३८ पासून, ते १७७४ला बंद केलं. १६८०-९०च्या दशकांत त्यांच्या मोरोसिनी सेनापतीने ग्रीसचा मोरिया परत जिंकून दाखवला होता, १७१५ला गेला तो परत. अगदी १७८०च्या दशकातही त्यांचा आरमारप्रमुख अँजेलो एमो ट्युनिसवर तोफा डागत होता. म्हातारं माणूस अंथरुणावर नव्हतं, अंगणात फिरत होतं, फक्त आता कुणाशी भांडायचं नाही असं त्याने ठरवलेलं.

आणि समुद्राचं नातं तुटलं असंही नाही, निदान कागदोपत्री. दरवर्षी डोजे सोन्याने मढवलेल्या नौकेतून, बुचिन्तोरो तिचं नाव, खाडीच्या मुखाशी जायचा आणि समुद्रात अंगठी टाकायचा, तुझ्याशी लग्न करतोय म्हणून. आमच्याकडे कोळी नारळी पुनवेला नारळ सोडतात ना, तसंच, फक्त कोळी दुसऱ्या दिवशी होडी घेऊन मासे मारायला जातात आणि हे परत वाड्यात जाऊन बसायचे. शेवटी शेवटी त्यांच्या आरमाराच्या कारखान्यात, ज्याने एके काळी १५७४ला फ्रान्सच्या राजाचं जेवण होईपर्यंत अख्खं गलबत जोडून दाखवलं होतं, तिथे जहाजं वर्षानुवर्षं सांगाडे होऊन उभी होती.

चौलची_सुपारी

बापरे, मला वाटलं दोन ओळींत कोणीतरी सांगेल. आईला वाचून दाखवतेय, ती भाजी निवडता निवडता ऐकतेय.

@नाणेवेडा, वाचलं. एका बाजूला एस एम व्हेनेट असं आहे. दुसऱ्या बाजूला एल व्ही डी ओ, पुढे झिजलंय, मग मॅनिन. वजन कडीसकट ३.९.

नाणेवेडा_रत्नांग्री

अगं! लुडोविको मानिन! १७८९ ते १७९७. हा शेवटचा डोजे. याच्यानंतर नाणंही नाही आणि डोजेही नाही.

नकली असू शकतं, आपल्याकडे आणि बाहेरही भरपूर नकला पाडल्यात, पण नकलांत अक्षरं बहुतेक गिचमिड असतात, तुझी वाचता येतायत. एकदा कोणा जाणकाराला प्रत्यक्ष दाखव. कडी लावल्यामुळे संग्राहक कमी पैसे देतील, ती काढायला जाऊ नकोस, अजून वाट लागेल.

आणि काकांच्या हिशोबात एक भर. मिरीचा धंदा जाऊन दीडशे वर्षं झाली होती तरी हे नाणं इकडे येत होतं, कारण तांबड्या समुद्राच्या बंदरांपासून सुरतेपर्यंत व्यापारी डोळे मिटून ते घ्यायचे. सरकार मोडकळीला आलेलं पण नाण्याचा कस तोच.

चौलची_सुपारी

म्हणजे आजीचा भक्त तो हा? मग याचं काय झालं? मारलं त्याला?

केळव्याच्या_बाई

नाही गं, लढाईच झाली नाही तर मारणार कोण.

१७९६ला नेपोलियन इटलीत उतरला. ऑस्ट्रियाशी त्याची लढाई, आणि दोघांच्या मध्ये व्हेनिसचा मुलूख. व्हेनिसने जाहीर केलं आम्ही तटस्थ, आणि तेही शस्त्र न उचलता. झालं, दोन्ही फौजा त्यांच्याच शेतातून फिरल्या, त्यांचंच धान्य खाल्लं. एप्रिल १७९७ला वेरोनात लोक फ्रेंचांवर उठले, आणि तीनच दिवसांनी, २० एप्रिलला, व्हेनिसच्या तोंडाशी घुसणाऱ्या फ्रेंच जहाजावर किल्ल्यावरून तोफ उडाली, कप्तान मेला. नेपोलियनला निमित्तच हवं होतं. मी व्हेनिसचा अटिला होईन म्हणाला, म्हणजे जुन्या काळी इटली उद्ध्वस्त करणाऱ्या हूण राजासारखा. आणि आतून त्याचा ऑस्ट्रियाशी व्हेनिसचा मुलूख देऊन टाकायचा सौदा तोवर ठरतच आला होता, ते यांना माहीतही नव्हतं.

१२ मे १७९७, मोठ्या सभेची बैठक. कोरम ६०० चा, आले ५३७. म्हणजे नियमाने ती सभाच नव्हे. मानिन रडत रडत बोलला, राज्य विसर्जित करावं. इतक्यात बाहेर बंदुकांचे बार झाले. आत सगळ्यांना वाटलं संपलं, उठाव झाला. प्रत्यक्षात ते दाल्मेशियाचे, म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरच्या व्हेनिसच्या मुलखातले शिपाई होते, व्हेनिसशी सगळ्यात इमानी, त्यांना घरी परत पाठवत होते आणि त्यांनी जाताना निरोपाची सलामी दिली होती. आत मात्र पळापळ, ५१२ जणांनी घाईघाईने हो म्हणून मत दिलं आणि आपापले झगे टाकून मागच्या दाराने घरी. हजार वर्षांचं राज्य सलामीच्या आवाजाला घाबरून विसर्जित झालं.

सातबारा म्हणतात ते मला इथे पटतं. कुणी एकाने ठरवायचंच नाही अशी शेकडो वर्षं सवय, मग ज्या दिवशी ठरवायची वेळ आली त्या दिवशी ठरवणारा कोण?

मानिन खोलीत गेला, डोक्यावरची पांढरी कापडी टोपी, ती डोजेच्या मुकुटाखाली घालतात, काढून बेर्नार्दो नावाच्या नोकराला दिली, म्हणाला ठेव, मला आता लागायची नाही.

आणि हे फार लोक सांगत नाहीत, त्याच रात्री व्हेनिसचे साधे लोक, नावाडी, कारागीर, सान मार्को सान मार्को ओरडत रस्त्यावर आले, त्यांना राज्य हवं होतं. काहींनी लूटमारही केली. त्यांना पांगवायला रियाल्टोच्या पुलावरून तोफ डागली. फ्रेंचांशी लढायचं सोडून तोफ आपल्याच माणसांवर. पुढे सोनेरी वही चौकात जाळली, ऑक्टोबरात शहर ऑस्ट्रियाला देऊन टाकलं, आणि फ्रेंचांनी जाता जाता बुचिन्तोरो सोन्यासाठी फोडून जाळली.

गिर्येकर

नावाड्यांचा ह्या माका ठाऊक नव्हतां. माझं घरभेदाचं मागे घेतो. नाय, अर्धंच मागे घेतो, सौदा तर झालाच होता.

चौलची_सुपारी

सगळ्यांचे खूप आभार. ठरलं, चार पुतळ्यांची मोड घालणार, मानिन राहणार.

आईने सगळं ऐकलं आणि तिचं मत असं की बरं केलं त्याने, पोरं मारून टोपी ठेवण्यापेक्षा टोपी दिलेली काय वाईट. मी म्हटलं अगं पण लोकांना लढायचं होतं. तर म्हणे, मग त्या लोकांना आत कधी बसवलं होतं का विचारायला. यावर बाईंना काय म्हणायचंय ते त्यांनी लिहावं, मी पडले सायन्सवाली.

आत्याला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली, त्या नोकराचं काही खरं नाही बाई, कापडी टोपीची काय मोड येणार.